‘काही झालं नाही’ म्हणून गेलेला माणूस दोन दिवसांनी पैसे मागतो तेव्हा

प्रश्न साताऱ्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. शनिवारी संध्याकाळी राधिका रोडवर एका दुकानासमोर थांबायचं म्हणून त्या कार डावीकडे घेत होत्या. तेवढ्यात डाव्या अंगाने आलेली मोटरसायकल दाराला घासली आणि चालवणारा पडला. तो लगेच उठला, कपडे झटकले, ‘काही झालं नाही ताई, जावा तुम्ही’ म्हणाला. नंबर मात्र मागून घेतला. त्यांनीही मोटरसायकलचा आणि स्वतःच्या दाराचा फोटो काढला. सोमवारी रात्री त्याचा फोन आला: गुडघा सुजलाय, पाय टेकवत नाही, कामावर खाडे पडतायत, वीस हजार द्या, नाहीतर पोलिसात जावं लागेल. त्या विचारतात, ‘हा माणूस खरं बोलतोय की बाईमाणूस बघून मला फसवतोय? आणि केस झाली तर माझ्या नोकरीचं काय?’

ताई, मी सातारा जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. कधी जखमीचं वकीलपत्र घेतो, कधी विमा कंपनीचं. दोन्हीकडे उभं राहिल्यामुळे आधी हेच सांगतो की तो खरा आहे की खोटा हे फोनवरच्या आवाजावरून मला कळणार नाही, तुम्हाला नाही आणि पोलिसांनाही नाही. तुमची झोप याच प्रश्नापायी उडाली आहे, आणि नेमका हाच प्रश्न तुम्ही सोडवायची गरज नाही. तो खरा असेल तर त्याची भरपाई देण्यासाठीच तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा आहे. खोटा असेल तर त्याची उलटतपासणी घ्यायला विमा कंपनीचा तपासनीस आणि वकील आहेत. दोन्ही वेळा तुमचं काम एकच: घडलं ते वेळेवर, खरंखरं आणि लेखी नोंदवायचं. धोका आहे तो फक्त मधल्या वाटेवर, म्हणजे घाबरून, कुणाला न सांगता, रोख पैसे देऊन मिटवण्यात.

तरीही त्या माणसाबद्दल थोडं बोलू, कारण संशय मनात धरून तुम्ही त्याच्याशी बोललात तर साधं प्रकरण चिघळेल. पडल्याबरोबर उठून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्याला त्या क्षणी बहुतेक वेळा खरंच तसं वाटत असतं. अंगात घबराट असते, चार लोक बघत असतात, रस्त्यात पडल्याची लाज असते, आणि या सगळ्यात दुखणं जाणवत नाही. गुडघ्याच्या आतली गादी फाटली तर सूज बऱ्याचदा सावकाश, दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर येते. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. तेव्हा उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, ‘एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे नाटक करतोय’, तर ते मानू नका. शनिवारी उठून चालत गेलेला आणि सोमवारी लंगडणारा माणूस अगदी खरा असू शकतो. असे जखमी माझ्याकडे येतात तेव्हा वाईट याचं वाटतं, की त्यांनी भिडेखातर त्या दिवशी कुठेच नोंद केलेली नसते. दुखणं खरं असतं, पण ते त्याच अपघाताचं होतं हे दाखवणारा एकही कागद नसतो.

उलट बाजूही सांगतो. जुना अधू गुडघा नव्या अपघाताच्या नावावर खपवणारेही असतात. दुसऱ्याच रुग्णाच्या कागदाचा फोटो पाठवणारे असतात. भाऊ, मित्र, गल्लीतला कुणी कार्यकर्ता यांच्याकडून फोन करवून आकडा वाढवत नेणारेही असतात. या सगळ्यांची एकच गोष्ट सारखी असते: त्यांना घाई असते आणि कागद नको असतात. ज्याला खरंच लागलंय त्याला दवाखान्यात या म्हटलं की तो येतो.

म्हणून आज त्याला फोन करू नका, मेसेज पाठवा. भाषा साधी आणि माणुसकीची ठेवा. असं काहीतरी:

‘नमस्कार. शनिवारी राधिका रोडवर झालेल्या प्रसंगानंतर तुमचा गुडघा दुखतोय हे कळलं, वाईट वाटलं. तुम्ही सरकारी रुग्णालयात दाखवून अपघाताची नोंद करून घ्यावी. तिथले कागद आणि तुमच्या गाडीची आरसी, विमा व लायसन यांच्या प्रती मला पाठवा. मी माझ्या विमा कंपनीला आणि पोलिसांना कळवत आहे. भरपाईचं जे काही असेल ते कंपनीमार्फत रीतसर होईल.’

यात ‘माझी चूक झाली’, ‘सॉरी, माझ्यामुळे तुम्हाला लागलं’, ‘खर्च मी देते’ यातलं काहीही नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या पॉलिसीच्या अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही आणि द्यायचेही नाहीत, असं त्यात स्पष्ट असतं. लोकांना ही अट माहीतच नसते. चांगुलपणाने पाच हजार देतात, पुढे खरा दावा उभा राहिला की कंपनी याच अटीवर बोट ठेवते. विचारपूस करण्यात मात्र काही गैर नाही. उलट ती कराच. अपघातानंतर साधी चौकशी केली नाही, याच रागातून उभे राहिलेले दावे मी पाहिले आहेत.

सरकारी रुग्णालय मी मुद्दाम म्हणतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात अपघाताची केस म्हणून गेलं की एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद, केली जाते: नाव, वय, कधी, कुठे, कशाने लागलं, जखमा कोणत्या, ताज्या की जुन्या. ती माहिती पोलिसांकडे जाते. खोटं बोलणाऱ्याला ही नोंद नको असते आणि खऱ्या जखमीला तिच्याइतका उपयोगी दुसरा कागद नसतो. त्याने आधी खासगी डॉक्टरकडे दाखवलं असेल तर तेही चालेल. मग केसपेपरवरची तारीख, त्याचं पूर्ण नाव आणि ‘पेशंटने काय सांगितलं’ ही ओळ बघा. शनिवारी रात्री किंवा रविवारी ‘मोटरसायकलवरून पडलो’ असं लिहिलेला कागद आणि सोमवारी तुम्हाला फोन केल्यानंतर काढलेला कागद यांचं वजन सारखं नसतं.

आता पोलिसांचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कुणी जखमी झालं तर चालकावर तीन जबाबदाऱ्या येतात. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. तिथे पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत माहिती द्यायची. आणि विमा कंपनीला पॉलिसीचा तपशील, अपघाताची वेळ, ठिकाण, जखमीची माहिती लेखी कळवायची. शनिवारी त्याने ‘काही झालं नाही’ म्हटलं होतं, त्यामुळे तुम्ही गेला नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण सोमवारी रात्री तुम्हाला दुखापत झाल्याचं कळलं. आता थांबू नका. ती जागा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तिथे आजच अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात घडलं तेवढंच लिहा: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, तो काय म्हणाला, फोन कधी आला, किती पैसे मागितले. अंदाज लिहू नका, विशेषणं लिहू नका, ‘तो दारू प्यालेला वाटला’ असलं काही तर अजिबात नको. ठाणे अंमलदार ‘मॅडम, कशाला, आपसात मिटवा’ म्हणतील, हे धरून चला. शांतपणे सांगा की तक्रार नाही, कायद्याप्रमाणे खबर द्यायला आले आहे.

‘पोलिसात जाईन’ या वाक्याला तुम्ही फार घाबरला आहात. खरोखर लागलेल्या माणसाने पोलिसात जाणं हा त्याचा हक्क आहे, ती धमकी नव्हे. तो गेला तर बहुतेक भारतीय न्याय संहितेची दोन कलमं लागतील. कलम २८१ म्हणजे हयगयीने वाहन चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२५ (अ) म्हणजे त्यातून साधी दुखापत, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं असेल तर गंभीर दुखापतीचं १२५ (ब) येतं आणि तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. ही सगळी कलमं जामीनपात्र आहेत. जामीन पोलीस ठाण्यातच होतो, कोठडीत बसण्याची वेळ येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतली २७९ आणि ३३७ ही कलमं जुन्या माणसांच्या तोंडी असतात. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी ही आली. शाळेबद्दल म्हणाल तर गुन्हा दाखल झालाच तर सेवानियमाप्रमाणे संस्थेला लेखी कळवा. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं केव्हाही बरं.

त्याने खरंखोटं न बघता ‘पैसे दे, नाहीतर खोटी केस टाकतो’ असं स्पष्ट म्हटलं, किंवा माणसं घेऊन घरी आला, तर मात्र ते खंडणीच्या कलम ३०८ कडे जातं. असा फोन रेकॉर्ड करा, मेसेज पुसू नका, ११२ ला फोन करा. आत्तापर्यंत तुम्ही सांगितलं त्यात मला तसं काही दिसत नाही. कामावर न जाऊ शकणारा, हातावर पोट असलेला माणूस जसं बोलेल तसंच तो बोलला आहे. एमआयडीसीत रोजावर जाणाऱ्याचा महिनाभराचा खाडा आणि औषधपाणी धरलं तर वीस हजार हा आकडा हवेतला नाही. आकडा मोठा आहे म्हणून माणूस लबाड, असं धरू नका.

आता दाव्याचं. त्याला भरपाई हवी असेल तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करेल. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. अपघात जिथे झाला तिथे, तो राहतो तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, तिन्हीकडे अर्ज करता येतो. त्याची गाडी एमएच ५० असेल आणि तो कराडला राहत असेल तर नोटीस कराडहून येईल. नोटीस आली की लगेच कंपनीला द्या. तुमची पॉलिसी त्या दिवशी चालू होती आणि लायसन वैध होतं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. लायसन वैध नसेल, किंवा चालकाने दारू घेतलेली असेल, तर कंपनी आधी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते; पॉलिसीच चालू नसेल तर भरपाई मालकालाच भरावी लागते. तेव्हा पॉलिसी आणि लायसन दोन्हींच्या तारखा आत्ताच बघून घ्या. लायसनचं नूतनीकरण राहून गेलेले सुशिक्षित लोक मला नेहमी भेटतात.

चूक कुणाची, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या हातात असलेला सगळ्यात बोलका पुरावा तुमच्याच दारावर आहे. कृपा करून ते दार अजून पुसू नका, पॉलिश करू नका, मिस्त्रीकडे नेऊ नका. ओरखडा कोणत्या दिशेने गेलाय ते बघा. मोटरसायकल मागून तुमच्यापेक्षा वेगात येत असेल तर घासण मागच्या दारावर सुरू होऊन पुढच्या दाराकडे जाते आणि निघालेला रंग रेघेच्या पुढच्या टोकाला साचतो. ती जवळजवळ उभी असताना तुम्ही वळत तिच्यावर गेला असाल तर रेघ उलटी, पुढून मागे जाते. ओरखडा किती उंचीवर आहे तेही बघा. हँडलच्या टोकाची घासण काचेच्या खालच्या बाजूला येते, फूटरेस्टची दाराच्या तळाशी. दोन्ही सापडल्या तर गाडी सरळ उभी असताना घासली. फक्त खाली असेल तर ती आधीच कलंडत होती. टेप लावून, उजेडात, लांबून आणि जवळून फोटो काढा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोत वेळेचा तपशील राहत नाही. हे सगळं सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान पाहणारा माणूस, वाचू शकतो आणि कोर्टातही ते साक्षीदाराइतकं, कधी त्याहून जास्त टिकतं, कारण राधिका रोडवर संध्याकाळी पन्नास माणसांनी बघितलेलं असलं तरी साक्षीला एकही येत नाही.

दुकानांचे कॅमेरे आजच बघा. बहुतेक ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदार प्रत देत नसेल तर पोलिसांच्या अर्जात त्या दुकानाचा उल्लेख करा आणि चित्रण जपून ठेवण्याची विनंती लिहा. मोबाइलवर नुसतं शूट करून आणलेलं चित्रण पुरावा म्हणून सहज चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तरी काहीच नसण्यापेक्षा तेही घ्या.

डावीकडून ओव्हरटेक करणं त्याची चूक दिसते. पण तुम्ही इंडिकेटर दिला होता का, डावा आरसा बघितला होता का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच सांगा. साताऱ्यात डावीकडे दुचाकी असणारच, हे गृहीत धरून कडेला यावं लागतं आणि न्यायाधिकरणही तसंच बघतं. अशा प्रकरणांत पुष्कळदा दोघांचाही निष्काळजीपणा धरून टक्केवारी ठरते. म्हणजे तो पूर्ण खरा आणि तुम्ही पूर्ण चुकीच्या, किंवा याच्या उलट, असा निकाल लागेलच असं नाही.

त्याच्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा चालू आहे का बघा. मालकाचं नाव तिथे पूर्ण दिसणार नाही, विम्याची तारीख मात्र दिसते. विमा संपलेला असेल तर तो पोलिसात जायला कचरत असण्याचं तेही कारण असू शकतं; विम्याविना गाडी चालवल्याचा पहिला दंड दोन हजार आहे. पण हे त्याला टोमणा म्हणून ऐकवू नका. त्याच्या गाडीला विमा नाही म्हणून त्याचा गुडघा खोटा ठरत नाही.

समजा कागद आले, ते पटण्यासारखे आहेत, खर्च तीन-चार हजारांचा आहे आणि तुम्हाला माणुसकी म्हणून द्यावेसे वाटतात. माझं मत असं की आधी कंपनीला मेल करून संमती विचारा. ती मिळाली तर बिल थेट दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये, बँकेतून किंवा यूपीआयने भरा, आणि ‘जबाबदारी मान्य न करता, मदत म्हणून’ असं मेसेजमध्ये लिहा. रोख नको. चौकात चार लोकांसमोर नको. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं की सुटलो, असं लोक समजतात. शारीरिक दुखापतीच्या दाव्याचा हक्क अशा कागदाने हमखास संपत नाही. न्यायाधिकरण तो बघेल, पण बांधील असेलच असं नाही. आणि गुडघ्याचं खरं दुखणं किती मोठं आहे ते पहिल्या आठवड्यात त्यालाही कळलेलं नसतं, म्हणून एवढ्या लवकर त्याची सही घेणं मला त्याच्यावरही अन्याय वाटतो.

याच्या उलट प्रसंगात, म्हणजे दुसऱ्याने तुम्हाला ठोकून ‘ताई, केस नको, खर्च देतो’ म्हटलं आणि नंतर फोन उचलेनासा झाला, तर त्याच्या मागे धावण्यात महिने घालवू नका. त्याच्या कंपनीकडून डेंटचे पैसे मिळवायचे तर त्यालाही न्यायाधिकरण किंवा दिवाणी कोर्ट लागतं. साध्या बंपरसाठी ते परवडत नाही. जागेवरच आरसी, लायसन, विमा यांचे फोटो घ्या आणि दुरुस्ती स्वतःच्या पॉलिसीतून करा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो बघू नका, स्वतःच्या खात्यात रक्कम दिसते का बघा. ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला तर तिथेच थांबा; पैसे घ्यायला पिन लागत नाही.

रात्री महामार्गावर, खंबाटकीच्या पुढे-मागे, कुणी ‘तुम्ही आम्हाला घासून आलात’ म्हणून गाडी आडवी घातली तर काच खाली न करता पुढच्या टोलनाक्यापर्यंत जा आणि ११२ लावा. कुणी खरंच पडलेलं दिसत असेल तर मात्र मदत न करता निघून जायचं नाही. जमाव अंगावर येत असेल आणि थांबणं शक्यच नसेल तेवढी सूट कलम १३४ देतं; तरीही लगेच पुढच्या ठाण्यात जाऊन खबर द्यावी लागते.

राहिलं तुमचं दार. कंपनीला अपघात कळवणं आणि स्वतःच्या दुरुस्तीचा क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आजच करा, दुसरं हिशेब करून. तुमची कार १५०० सीसीपर्यंतची असेल तर प्रत्येक क्लेममध्ये पहिले एक हजार तुमचे, त्याहून मोठ्या इंजिनला दोन हजार. झिरो डेप, म्हणजे भागांच्या जुनेपणाची घट न धरणारं जादा कव्हर, नसेल तर रंगाच्या साहित्यावर आणि प्लॅस्टिक भागांवर निम्मी घट धरतात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो: पहिल्या वर्षाचा २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. तुम्ही ५० टक्क्यांवर असाल आणि गॅरेजवाला दोन दारांच्या रंगाचे आठ-नऊ हजार सांगत असेल, तर खिशातून केलेलं बहुधा स्वस्त पडेल. २० टक्क्यांवर असाल आणि पत्रा आत गेला असेल तर क्लेम करा. दोन्ही बाबतींत कंपनीला आधी विचारून, फोटो आणि हवी असेल तर सर्व्हेअरची पाहणी झाल्यावरच गाडी गॅरेजला लावा, आणि त्याचं प्रकरण कुठे जातं ते कळेपर्यंत जुन्या ओरखड्याचे फोटो, अर्जाची पोच आणि मेसेज एका फाइलमध्ये ठेवा.